जुलैत पाहिलेली जागा

कर्वेनगर, पुणे
९ फेब्रुवारी २०२५

प्रति,
प्रियदर्शनी दशरथ रामटेके, वास्तुविशारद,
पालमपूर, हिमाचल प्रदेश.

विषय : डोंगरातील सुट्टीच्या घरासाठी जागेची निवड करणे – तांत्रिक सल्ला मिळणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार व त्यांच्या पत्नी यांनी पुण्याच्या आसपासच्या डोंगरात लहानसे घर बांधण्याचे योजिले आहे. आपण गेली तीन वर्षे डोंगरउतारावर घरे बांधण्याचे काम करीत आहात असे समजते. सबब...

एवढं लिहून पेन खाली ठेवलं. बांधकाम खात्यात छत्तीस वर्षं असंच लिहिलं, त्यामुळे हात आपोआप तिकडेच वळतो. आणि आपल्या मुलीला 'आपण' म्हणणं मला जमत नाही. साधंच लिहितो.

तू माझा फोन घेत नाहीस. आईशी दर रविवारी बोलतेस, हे मला ठाऊक आहे. त्या वेळी मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. तिला वाटतं, मला ऐकू येत नाही.

समोरची सोसायटी पाडून नवी बांधताहेत. दिवसभर धूळ. आईचा खोकला दिवाळीपासून थांबलेला नाही. डॉक्टर म्हणाले, महिन्यातून चार-आठ दिवस बाहेर हवेत राहा. त्यावरून हा विचार निघाला. आपल्याकडे सातबारा नाही, म्हणजे शेतजमीन घेता येत नाही. एनए झालेला प्लॉटच हवा. मुळशी, पाचगणी आणि वेल्हे, अशा तीन बाजू डोक्यात आहेत. मुळशीकडे दोन चकरा झाल्या.

मला एवढंच विचारायचं आहे. जागा निवडताना आधी काय बघायचं? दृश्य, रस्ता, पाणी की उतार? मी आयुष्यभर रस्ते आणि पूल केले. राहायचं घर एकही केलं नाही.

त्या दुसऱ्या विषयावर मी लिहिणार नाही. तूही लिहू नकोस.

सप्रेम जयभीम.

बाबा


२ मार्च २०२५

प्रिय दर्शनी,

तुझं उत्तर आलं नाही. पण आईकडून कळलं की 'महोदया' वाचून तू हसलीस. किती हसलीस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आता हसणं बी मोजून सांगू काय जी तुमाले?"

मुळशीचं सांगतो. सूरज नावाचा एजंट आहे, तिशीचा. त्याने आम्हाला एका डोंगराच्या पोटात नेलं. दाराशी सिमेंटचे दोन सिंह. आत उताराला पायऱ्यांसारखे प्लॉट कापलेले, एकावर एक. झाड एकही नाही.

"सर, हे टोटली व्हॅली-फेसिंग आहे. सकाळी उठलात की डायरेक्ट ढग."

"ढगातलं पाणी कुठून जातं?"

"म्हणजे?"

"पाऊस पडतो ना इथे? तो खाली कुठून उतरतो?"

त्याने ब्रोशर उलटसुलट केलं. "सर, क्लबहाउसच्या मागे ड्रेनेज प्रपोज्ड आहे."

"आणि तोपर्यंत?"

"सर, तुम्ही खूपच निगेटिव्ह बघताय."

आई मध्ये पडली नसती तर मी त्याला अजून बरंच काही दाखवलं असतं. परतताना ती म्हणाली, "त्या पोराचं पोट आहे त्याच्यावर. तुमी काऊन परीक्षा घेता सगळ्यांची?"

पाचगणीची जागा वाईट नव्हती. पण शेजारच्या बंगल्यात दर शनिवारी पुण्याहून माणसं येतात आणि स्पीकर लावतात, असं तिथल्या वॉचमननेच सांगितलं. आई म्हणाली, मग कर्वेनगर काय वाईट आहे?

मला एका जागी बसवत नाही. रविवारी एक जागा बघून आलो की सोमवारी दुसरीचा नकाशा उघडतो. निवृत्त झाल्यापासून असं आहे. आईला वाटतं निवृत्तीमुळे. असेल.

गेल्या गुरुवारी एकटाच वेल्ह्याच्या बाजूला गेलो होतो. पाबे घाटातून. घाटरस्ता नोकरीपासून ओळखीचा होता.

बाबा


२४ मार्च २०२५

प्रिय दर्शनी,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. तू ती ओळखली असशील. मी कुसरवाडीला गेलो होतो.

जागा बघायला नाही. त्या बाजूला बघण्यासारखा प्लॉट आहे की नाही, हेही मी विचारलं नाही. गाडी काळोखेंच्या बंगल्याखाली लावली आणि वर गेलो. बंगला बंद होता.

ही जागा मी पहिल्यांदा पाहिली. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. चार वर्षांपूर्वी, बंगल्याखाली तू बांधलेली दगडी संरक्षक भिंत जुलैत कोसळली तेव्हा, वैजनाथराव काळोखेंनी मला फोटो पाठवले आणि विचारलं, "साहेब, तुम्ही यातले जाणकार. मुलगी आहे म्हणून गप्प बसू नका." मी फोटो पाहिले आणि दोन पानी अभिप्राय लिहिला. भिंतीची रचना सदोष, दगडाऐवजी काँक्रीटची भिंत घ्यावी. खाली सही केली. तिथे गेलो नाही. सगळ्यांना वाटलं, मी जाऊन आलो होतो. मीही तसं वाटू दिलं. तुलाही.

त्या कागदाचं पुढे काय झालं ते तू मला कधी सांगितलं नाहीस. आईने सांगितलं. काळोखेंनी तो बिल्डरांच्या ग्रुपवर टाकला. तुझ्या ऑफिसच्या अस्मिता मॅडमनी तो तुझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, आता मी काय बोलू, तुझ्या वडिलांचंच म्हणणं आहे. हातातली तीन कामं गेली. चार महिन्यांत तू पुणं सोडलंस.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. माझ्या सल्ल्याने, माझ्याच आराखड्यावर बांधलेली ती नवी काँक्रीटची भिंत कलली आहे. दहा फूट उंचीला अडीच इंच. मी ओळंबा सोडून मोजलं, तीन ठिकाणी. मधोमध आडवा तडा आहे, त्यात माझी करंगळी जाते.

ठेकेदाराने लोखंड कमी घातलं असेल. तेच असणार. पुढच्या गुरुवारी पुन्हा जाऊन बघतो.

आईला सांगितलं आहे की पौड रोडच्या बाजूला एक प्लॉट बघायला जातो.

बाबा


२१ एप्रिल २०२५

प्रिय दर्शनी,

आईला कळलं. चौदा तारखेला सकाळी अभिवादन करून आम्ही घरी आलो, मी कपडे बदलून गाडीची किल्ली घेतली. ती दारात उभी राहिली. "आजच्या दिवशी कोणता प्लॉटवाला बसला आहे जी?" ती चपला घालून गाडीत येऊन बसली.

कुसरवाडीला पोचल्यावर ती वर चढली. भिंत बघितली. मग मी तडा मोजत बसलो आणि ती खाली उतरून गेली. भिंतीच्या बरोबर खाली, शंभर फुटांवर, एक घर आहे. पत्र्याचं, पुढे गोठा. तिथे द्वारकाबाई राहतात. साठीच्या असतील. मुलगा पुण्याजवळ मांजरीला उसाच्या कामावर असतो, इथे त्या, सून आणि दोन नातवंडं. मी तीनदा त्या घरावरून गेलो होतो. आत जाऊन दोन शब्द बोलावं असं मला वाटलं नव्हतं. आई पाचव्या मिनिटाला त्यांच्या ओट्यावर बसून चहा पीत होती.

तिने मला हाक मारली. "या इकडं. बाई काय सांगतात ते ऐका."

द्वारकाबाई म्हणाल्या, "सायेब, त्या भितीच्या मागं पानी हाय. वर झऱ्याचं टाकं व्हतं, आमी तिथनंच पानी आनायचो. वरच्या प्लॉटवाल्यांनी रस्ता काढताना मुरूम टाकून बुजिवलं. पानी कुटं जानार? हिकडनंच येतंय."

"कधी बुजवलं?"

"ती दगडाची भित पडायच्या आदल्या साली."

मी विचारलं, हे त्या वेळी कोणाला सांगितलं का?

"सांगितलं की. ती पोरगी यायची ना, केस कापलेली, तिनंच इचारलं मला. समदा डोंगर पायी फिरली माज्यासंगं. शेटला म्हनली, वरच्या अंगाला चर मारू, पानी बाजूला काढू. शेट म्हनला, नगं, माजं लॉन जातंय."

मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमची कोन ती?"

उत्तर आईने दिलं.

भिंत पडली त्या दिवशी तू मला फोन केला होतास. चर, झरा, काळोखे ऐकत नाहीत, असं काहीतरी भराभर सांगत होतीस. मी म्हणालो होतो, "हे कागदावर आहे का?" तू फोन ठेवलास. माझ्या हिशेबी तिथेच संपलं.

मी असं का केलं, ते तुला सांगायचा प्रयत्न करतो. नोकरीला लागलो तेव्हा भंडाऱ्याहून आलेला बावीस वर्षांचा पोरगा होतो. आपल्या माणसाच्या सहीकडे लोक दोनदा बघतात, हे पहिल्या महिन्यात कळलं. म्हणून मी तीनदा तपासून सही करायचो. नातेवाइकाला कधी काम दिलं नाही, ओळखीच्याला कधी सूट दिली नाही. कोणाला बोट ठेवायला जागा नको. तुझ्या वेळी मला फक्त एवढंच दिसलं, की बापाने झाकलं असं कोणी म्हणू नये. त्या नादात जे तीनदा तपासायचो ते एकदाही तपासलं नाही.

हे कारण आहे. याने काही भरून निघत नाही, तेही मला कळतं.

आईने घरी आल्यावर एवढंच विचारलं, "तुमी तिथे गेलेच नव्हते?" मी नाही म्हणालो. दोन दिवस ती बाहेरच्या खोलीत झोपली. खोकत मात्र होती, ते ऐकू येत होतं.

बाबा


६ जुलै २०२५

प्रिय दर्शनी,

मे महिन्यात तुझं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ होती. 'कोणतीही जागा घेण्याआधी जुलैत, पावसात जाऊन बघा.' तीन महिन्यांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. बाकीच्या पत्रांबद्दल काही नाही. मी कार्ड चष्म्याच्या घरात ठेवलं आहे.

पाचगणीला फोन करून सांगितलं, जुलैत बघून ठरवू. एजंट म्हणाला, जुलैत कोणी बघत नाही साहेब. सूरजला विचारलं, तो म्हणाला, जुलैत तिकडचा रस्ता बंद असतो. अशा दोन जागा घरबसल्या कटाप झाल्या.

काल आम्ही कुसरवाडीला गेलो. पाऊस सरळ खाली येत होता. आईने दुकानातून कपड्यांना घालायच्या निळीच्या आठ बाटल्या घेतल्या होत्या. कल्पना माझी, खरेदी तिची. द्वारकाबाईंनी टाकं बुजवलेली जागा दाखवली. नुसता मुरमाचा ढीग, पण एका कडेला पाणी आत शोषलं जात होतं, मोरीत जावं तसं. तिथे मी नीळ ओतली. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मग घसरत, बसत खाली आलो. आई छत्री घेऊन भिंतीपाशी उभी होती.

वीस मिनिटं गेली. अर्धा तास. मी येरझारा घालत होतो. ती म्हणाली, "एका जागी उभे राहा ना जी. पाणी काय तुमाले घाबरून लवकर येणार आहे?"

दहा बावन्नला तड्यातून निळा ओघळ आला. आधी दोऱ्याएवढा, मग बोटाएवढा. काँक्रीटवरून तो खाली गेला, आणि तिथून द्वारकाबाईंच्या गोठ्याकडे.

"अगं बाई," द्वारकाबाई म्हणाल्या. एवढंच.

भिंत दगडाची असो की काँक्रीटची, मागे एवढं पाणी असेल तर ती जाणारच. दगडाची आधी गेली, कारण तेव्हा पाऊस जास्त होता. तुझ्या भिंतीत दोष नव्हता. माझ्या भिंतीत आहे. मी पाणी निघायची भोकं ठेवली ती नेहमीच्या मापाने, कोरड्या डोंगरासाठी ठेवतात तशी. डोंगर बघितलाच नव्हता ना.

घरी येऊन मी माळ्यावर चढलो. तू जाताना नकाशांची एक नळी ठेवून गेली होतीस. आईने ती गेली तीन वर्षं दर दिवाळीला पुसून परत ठेवली. मी कधी उघडली नाही. काल उघडली. कुसरवाडी, जानेवारी २०२१. वरच्या बाजूला लाल रेघेने चर काढलेला, आणि तुझ्या अक्षरात लिहिलेलं : 'हा चर रद्द करू नये. वरच्या अंगाला बुजवलेला झरा आहे.'

कागदावर होतं. माझ्याच घरात होतं.

बाबा


१० ऑगस्ट २०२५

प्रिय दर्शनी,

गेल्या महिन्यात काय झालं ते क्रमाने सांगतो.

आठ जुलैला मी सदाशिव पेठेत वैजनाथराव काळोखेंकडे गेलो. नवा अभिप्राय टाइप करून नेला होता. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला.

"रामटेके साहेब, तुम्ही चार वर्षांनी डोंगर बघायला गेलात. बरं केलंत."

"भिंत कलते आहे, काळोखे. या पावसात जाऊ शकते."

"बंगल्याला गिऱ्हाईक आहे. दिवाळीत व्यवहार होईल. त्यानंतर काय व्हायचं ते होऊ दे."

"खाली घर आहे. दोन लहान मुलं आहेत."

"ती बाई तिथे तीस वर्षं राहते. तिला काही होत नाही."

"भिंत तीन वर्षांची आहे," मी म्हणालो.

त्यांनी ड्रॉवरमधून माझा जुना अभिप्राय आणि भिंतीचा आराखडा काढून टेबलावर ठेवला. "ही भिंत कोणाची, ते आधी वाचा. खाली सही आहे. उद्या तुम्ही बोंब मारलीत तर लोक मला नाही विचारणार. निवृत्तीनंतर माणसाने नाव सांभाळावं. चहा घेणार?"

मी चहा घेतला नाही. जिना उतरलो. रस्त्यावर स्कूटरवाल्यांची गर्दी होती, मी तिथेच एका क्लासच्या पायरीवर बसलो. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर कदाचित काही झालंही नसतं. एखादा पावसाळा निघून गेला असता.

त्याच दुपारी तहसील कार्यालयात गेलो आणि लेखी दिलं. दोन दिवसांत पाहणीला माणूस आला. द्वारकाबाईंचं घर रिकामं करून त्यांना शाळेच्या खोलीत हलवलं. जनावरं शेजारच्या गोठ्यात. त्या माझ्यावर चिडल्या होत्या. म्हणाल्या, "भित तुमची, आन घर सोडायचं आमी?" आई त्यांच्याबरोबर तीन दिवस शाळेत राहिली.

चर खणायचा काळोखेंना आदेश निघाला. त्यांनी माणसं पाठवली नाहीत. मग वाडीतल्याच नऊ जणांनी खणला, पावसात, दोन दिवस. मी तुझा नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभा होतो. लाल रेघ जशी होती तशीच घेतली. एका ठिकाणी मला वाटलं, इथून जरा अलीकडून घ्यावा. मग म्हटलं, नको. तिने पायी फिरून काढला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी चरात उतरलं. तिसऱ्या दिवसापासून तड्यातून येणं कमी झालं. भिंतीचा वरचा चार फूट भाग नंतर कापून काढला. ती पडली नाही. द्वारकाबाई एकोणीस दिवसांनी घरी गेल्या. गोठ्याची एक बाजू चिखलाने खचली होती, ती बांधून दिली.

सोबत माझ्या अभिप्रायाची प्रत जोडली आहे. तिसरा परिच्छेद असा : 'सदर ठिकाणच्या मूळ दगडी भिंतीची रचना योग्य होती. वास्तुविशारदाने सुचविलेला चर मालकाने रद्द केल्याने ती कोसळली. माझा ऑगस्ट २०२१ चा अभिप्राय मी स्थळपाहणी न करता दिला होता. तो चुकीचा होता. तो मी मागे घेत आहे.' हाच कागद अस्मिता मॅडमना नेऊन दिला आणि विनंती केली, की पहिला जिथे फिरला तिथेच हा टाका. त्यांनी माझ्यासमोर टाकला. म्हणाल्या, "काका, हे लिहायला हिंमत लागते." मी म्हणालो, "पहिला लिहायलाच लागायला हवी होती."

त्या ग्रुपवर दोघांनी हसण्याचं चिन्ह टाकलं आहे, एकाने लिहिलं आहे की साहेबांचं वय झालं. जुन्या ऑफिसातून दोन फोन आले, रामटेके, हे काय ऐकतो आम्ही? मी दोघांनाही खरं आहे म्हणालो.

आता जागेबद्दल. आईने एक निवडली आहे. कुसरवाडीच्या अलीकडे, गावाच्या शेजारी, सपाटीवर. दृश्य नाही. समोर एक उघडा माळ आणि लांब डोंगराची पाठ. एसटी थांबा पाच मिनिटांवर, दवाखाना दहा. एनए आहे. मी जुलैत पाहिली, पाणी साचत नाही. मी म्हणालो, इथून दरी दिसत नाही. ती म्हणाली, "दरी बघून काय करू? मला श्वास घ्यायचा आहे."

तू एकदा बघावीस असं वाटतं. घाई नाही.

बाबा


१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दर्शनी,

तू गेल्याला आठ दिवस झाले. समोर असताना जे बोलता आलं नाही ते लिहितो.

चांदणी चौकात तू बसमधून उतरलीस तेव्हा मी तुला आधी ओळखलं नाही. केस वाढवले आहेस. तू आईला मिठी मारलीस, मला जयभीम केलास आणि मागच्या सीटवर बसलीस. घरी जाऊन अंघोळ करून निघू म्हटलं तर म्हणालीस, "आधी भिंत." खडकवासला गेलं, डोणजे गेलं, घाट लागला. आई काहीतरी बोलत होती. मी आरशात बघत होतो, तू खिडकीतून डोंगर बघत होतीस.

द्वारकाबाईंनी तुझा हात धरून तुला चर दाखवला. त्या किती बोलत होत्या, आणि तू किती हसत होतीस. मग तू एकटी भिंतीपाशी गेलीस. मी मागे आलो. मी वाक्य पाठ करून आलो होतो. ते सगळं विसरलो आणि म्हणालो, "माझं चुकलं. मी यायला हवं होतं."

तू भिंतीवर तळवा ठेवून उभी होतीस. वळली नाहीस. म्हणालीस, "चार वर्षं झाली, बाबा. मी प्रत्येक भिंत तीनदा मोजते. दुसऱ्याकडून परत मोजून घेते. तरी रात्री पाऊस लागला की उठून बसते. माझी एकही भिंत पडलेली नाही तिकडे. पण मला एकही खरी वाटत नाही."

मी कामं गेली, नाव गेलं, गाव सुटलं, एवढंच धरून होतो. हे मला माहीत नव्हतं. त्यावर कागद काढता येत नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"अजून राग आहे?" मी विचारलं. किती वेडा प्रश्न.

"आहे," तू म्हणालीस. "जाईल असं समजून घर बांधू नका."

मग तू आईने निवडलेली जागा बघितलीस. आम्हाला बाजूला उभं करून चारी कोपरे चाललीस. कुदळ मागून घेतलीस, गुडघाभर खड्डा केलास, माती हातात घेऊन कुस्करलीस. गावातल्या दोघांना विहिरींची पातळी विचारलीस. माझ्या खात्यातल्या भल्याभल्यांना मी असं काम करताना पाहिलं नाही. हे तेव्हाच बोलायला हवं होतं.

"जागा चांगली आहे," तू आईला म्हणालीस. "इथे बांधा."

आई लगेच म्हणाली, "तूच काढ ना माय नकाशा."

तू माती झटकत राहिलीस. "मला माहीत नाही, आई. आत्ता नाही सांगता येत."

स्टेशनवर तू मला म्हणालीस, "पाय दुखतात तुमचे. घाटात ब्रेक दाबताना दिसत होतं. दाखवा कोणाला तरी." मी दाखवले. गुडघ्यातलं वंगण कमी झालं आहे म्हणतात. फार चालू नका म्हणाले.

काल त्या जागेचा व्यवहार पूर्ण झाला. कागदांवर आईचं नाव आहे. निघताना सूरजचा फोन आला, सर, मुळशीला सिंहवाल्या प्रोजेक्टमध्ये डिस्काउंट लागला आहे. मी म्हणालो, आमची झाली जागा. तो म्हणाला, कन्स्ट्रक्शन कधी सुरू? आर्किटेक्ट हवा असेल तर माझ्याकडे दोघे आहेत. मी नको म्हणालो.

मग आम्ही तिथे गेलो. आईने सतरंजी, डबा आणि पाण्याची बाटली घेतली होती. द्वारकाबाईंनी भाकरी आणि मिरचीचा खर्डा पाठवला. जागेच्या मधोमध सतरंजी अंथरली. तू केलेला खड्डा तसाच आहे, आम्ही तो बुजवला नाही. आई सतरंजीवर आडवी झाली आणि बघता बघता झोपली. एकदाही खोकली नाही. मी तिच्या शेजारी बसलो होतो. सावली सरकली तशी सतरंजी दोनदा ओढली. समोरच्या माळावर शेळ्या आल्या, गेल्या. चार वाजले तेव्हा ती जागी झाली आणि म्हणाली, "तुमी अजून इथेच आहात?"

तू नकाशा काढलास तर घर होईल. नाही काढलास तर दुसऱ्या कोणाकडे मी जाणार नाही. हा तुझ्यावर दबाव नाही, तसा वाटला तर हे वाक्य खोडून वाच. दोन माणसांना दुपारभर बसायला सतरंजी पुरते, एवढं काल कळलं. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहोत.

सप्रेम जयभीम.

बाबा